उपोसथाच्या दिवशीचं मौन

माझी जीभ वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा भलता समज व्हायला नको. अठ्ठावीस वर्षं मी अकोल्यात अंगणवाडी सेविका होते. एका खोलीत चाळीस लेकरं, दारात त्यांच्या आया, टेबलावर रजिस्टरांचा ढीग. आवाज चढवल्याशिवाय दिवस सरायचा नाही. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले, आवाज मात्र अजून नोकरीवरच आहे. आमच्या गल्लीत भाजीचा गाडा येतो, तो माझ्या दारापुढे आला की गाडेवाला भाजी न सांगताच नीट निवडून देतो. लोक याला धाक म्हणायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. मालक गेल्याला सहा वर्षं झाली. मुलगा नीलेश पुण्याकडे एका कंपनीत आहे. घरात मी आणि माझी सून पल्लवी, दोघीच असतो.

पल्लवी अमरावतीची. बोलायला कमी, हसायला लगेच. लग्नानंतर वर्षभर ती नीलेशजवळ होती. तिथे तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. मी धावत पुण्याला गेले, तिचं सगळं केलं, पथ्यपाणी सांभाळलं. पण एका संध्याकाळी तिच्या खाटेजवळ उभी राहून मी बोलून गेले, "तीन-तीन जिने चढाले कोनं सांगतलं होतं तुले? लेकरू नको होतं तं तसं सांगायचं होतं." ती रडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. ते वाक्य मी हजारदा मनात परत घेतलं असेल, पण तोंडाने एकदाही घेतलं नाही. माफी मागायची म्हटलं की मी उठून भांडी घासायला लागते. या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा नीलेशच म्हणाला, "आई, ती तुयाजवळ राहू दे. तुले सगळं समजते." मला फार अभिमान वाटला. पल्लवीला काय वाटलं, हे मी विचारलंच नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आमच्या विहारात हे तीन महिने रोज दुपारी ग्रंथवाचन असतं. आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून जातो, एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात, शेवटी भन्तेजी थोडं समजावून सांगतात. या वर्षीचे भन्तेजी तरुण होते, नागपूरकडचे, बोलणं अगदी साधं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, डोळा पाहते थोडं आणि मन सांगते लय. माणूस समोर आला, की तो नीट दिसायच्या आधीच आपण त्याच्यावर नाव चिकटवून मोकळे होतो. आळशी, आगाऊ, आपला, परका. मग त्या नावाशी आपण बोलतो, भांडतो, त्या माणसाशी बोलतच नाही. आणि जिभेबद्दल त्यांनी सांगितलं, की चौथं शील फक्त खोटं न बोलण्यापुरतं नाही, टोचून बोलणंही त्यात येतं. प्रत्येकीने या तीन महिन्यांसाठी एक संकल्प करावा. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. घरात एकही कडू शब्द बोलणार नाही, असं मी भरल्या विहारात सांगितलं. माझी मैत्रीण कमलताई बाजूलाच बसली होती. तिने डोळे एवढे मोठे केले, की मला तिचा रागच आला.

अकरा दिवस निभावलं. बाराव्या दिवशी दूध उतू गेलं आणि शब्द ओठांवर आला. मी ओठ घट्ट मिटले, बाहेर अंगणात गेले. मला माझंच कौतुक वाटलं. मग मला त्याची सवय लागली. राग आला की गप्प. पल्लवीने काही विचारलं की मान हलवायची नाहीतर उत्तरच द्यायचं नाही. आधी मी तासभर गप्प राहायचे, मग दिवसभर राहू लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी किती शांत झाली. कमलताई म्हणालीसुद्धा, "बाई, वर्षावास तुले मानवला." पण आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं. आत मी अखंड बोलत होते. आधी दोन वाक्यांत मोकळी व्हायचे, आता ती वाक्यं पोटात दिवसदिवस शिजत राहायची. आणि खरं सांगायचं तर मी गप्प बसले की पल्लवीचा चेहरा उतरायचा, ते मला दिसायचं आणि कुठेतरी बरं वाटायचं. हे लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

श्रावणात पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधीपासून पल्लवीचं वागणं बिघडलं, असं मला वाटू लागलं. आठवा महिना लागला होता. दहा दिवसांपूर्वीच्या तपासणीत सगळं व्यवस्थित होतं. तरी ही दुपारी खोलीचा पडदा ओढून पडून राहायची. दिवा लावला की म्हणायची, नका लावू. सकाळी उठली की डोळे जड, पापण्या फुगलेल्या. मला वाटलं रडते, आणि रडते म्हणजे रात्री आईला फोन करून माझ्या कागाळ्या सांगते. मी खोलीत गेले की ती बोलणं आवरतं घ्यायची. डाळ वाटायला सांगितली तर म्हणाली, "होऊन नाई राहिलं, आई." एक दिवस खाटेखाली भरलेली पिशवी दिसली. पुढच्या रविवारी मी तिच्या ओटीभरणाचं ठरवलं होतं, नातेवाइकांना सांगून झालं होतं, आणि ही आधीच माहेरी पळायच्या तयारीत! चार घरांत माझं नाक कापायचं ठरवलंय हिने, असं मी धरून चालले. तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कडू शब्द निघाला असता आणि माझा संकल्प मोडला असता. मी चार दिवस तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

पौर्णिमेला आमचा उपोसथ. त्या दिवशी आठ शीलं घ्यायची, दुपारी बाराच्या आत एकदा जेवायचं, दिवस विहारात घालवायचा. मी ठरवलं की या वेळी दिवसभराचं मौनही घ्यायचं. सकाळी उठतानाच मनात मौन घेतलं, मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. साडी नेसून चप्पल घालत होते तेवढ्यात पल्लवी दारात आली. चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "आई, मले कसंतरीच होऊन राहिलं. डोकं लय दुखून राहिलं. तुमी थांबता का? नाईतं मी अमरावतीले आईकडं जाऊ का?" मी तिच्याकडे बघितलं. ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले आणि निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत तिची नजर माझ्या पाठीवर होती, हे मला कळत होतं. मनात म्हणत होते, मी काही बोलले का? एक वावगा शब्द गेला का माझ्या तोंडून? जा, खुशाल जा माहेरी.

विहारात त्रिशरण झालं, आठ शीलं झाली. चौथ्या शीलाला सगळ्या बायकांचा आवाज एक होतो, माझा नेहमी सगळ्यांत वर असतो. मी मौनात होते म्हणून मनातच म्हटलं. मग आनापान, श्वासाकडे बघत बसणं. खरं तर इथे मला शांत वाटायला हवं होतं. पण बसल्यापासून छातीत धडधड. श्वासाकडे बघायला गेले की श्वासच सापडेना. पाय हलवला, पदर सारखा केला. वाटलं, बीपीची गोळी घ्यायची राहिली असेल. पुन्हा डोळे मिटले तर दारात उभी पल्लवी समोर. तिला ढकललं, ती परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी ढकलायचं सोडलं. थकले होते. म्हटलं, ठीक आहे, ये, उभी राहा. आणि का कोण जाणे, त्या वेळी माझ्या मनात तिच्याबद्दल एकही शब्द उठला नाही. नुसता चेहरा दिसत राहिला. पापण्या फुगलेल्या होत्या, पण डोळे लाल नव्हते. रडलेल्या माणसाचे डोळे लाल असतात. गाल भरलेले. चौकटीला धरलेला हात जाड. त्या हातात बांगडी नव्हती, बोटात अंगठी नव्हती. ती अंगठी ती आंघोळीलाही काढत नाही.

हाताला सूज, तोंडाला सूज, न थांबणारी डोकेदुखी, उजेड सहन न होणं. अंगणवाडीच्या भिंतीवर हे चित्र अठ्ठावीस वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. गरोदर बायांना ओळीत बसवून मी ते छडीने दाखवायचे. "यातलं एकबी दिसलं तं घरी बसाचं नाई, सासूची वाट पाहाची नाई, दवाखान्यात पयाचं!" हे मी किती बायांना ओरडून सांगितलं असेल, त्याची गणतीच नाही. आणि माझ्याच घरात ते सगळं चालत माझ्यासमोर आलं, माझ्याशी बोललं, आणि मी ओठांवर बोट ठेवून निघून आले.

मी उठले. सगळ्या डोळे मिटून बसलेल्या. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "माय वं, माही पोरगी!" पंचवीस बायकांनी डोळे उघडले. भन्तेजींनी दाराकडे हात केला, जा म्हणून. मी चप्पल न घालताच धावत सुटले. रस्त्याच्या मध्यावर कळलं की पायांत काही नाही, पण परत फिरले नाही.

घराला कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. त्या म्हणाल्या, "अवो, ते तं दहा वाजताच गेली. पिशवी होती हातात. म्या म्हटलं ऑटो बोलावू का, तं म्हने चालली जाते." कपाटातून फोन काढला, चालू केला. चालू होताच एकामागून एक संदेश येऊ लागले, की या नंबरवरून तुम्हाला फोन आला होता. पल्लवी. पल्लवी. पल्लवी. सात वेळा. मी तिला लावला तर तिचा फोन बंद. अमरावतीला तिच्या आईला लावला. विहीणबाई म्हणाल्या, निघते असा सकाळी फोन आला होता, त्यानंतर लागलाच नाही. "काहून, काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यातही माझ्या तोंडून खोटंच निघालं.

स्टँडवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. राखीचा दिवस. माहेरी निघालेल्या बायका, मिठाईचे डबे, लेकरांची रडारड. अमरावतीची गाडी लागली, तशी मी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरणाऱ्या बायांना ढकलत वर चढले. माझी पांढरी साडी मळली, कोपराला लागलं. जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभी राहिले आणि गाडी सुटली. कंडक्टरला विचारलं, सकाळच्या गाडीत एक गरोदर पोरगी होती का, तर तो म्हणाला, बाई, आज अर्ध्या गाडीत गरोदरच बसल्यासारख्या वाटून राहिल्या, कोनाकोनाकडं पाहू. त्याची चूक नव्हती. मी खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होते. झाडाखाली कुणी बसलेलं दिसलं की मी वाकून चेहरा बघायचे. कुठे चार माणसं जमलेली दिसली की वाटायचं, तीच पडली असेल. मला जे माहीत होतं तेच आता मला खात होतं. झटका आला तर दात कसे बसतात, बाईला कुशीवर वळवलं नाही तर काय होतं, किती मिनिटांत लेकरू जातं आणि त्यानंतर किती मिनिटांत आई. हे सगळं मला पाठ होतं. बोरगाव गेलं. मी फोन हातात घट्ट धरून होते. पुण्याला नीलेशला काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य 'मी' पर्यंत येऊन अडत होतं.

आमच्यात देव नाही. कुणाला साकडं घालायची, नवस बोलायची सवय मला नाही, आणि ती नसल्याचा मला अभिमानही आहे. पण त्या गाडीत मला कळलं की मागायला कुणी नसलं तरी माणसाचे हात जुळतात. मी मनात म्हटलं, माझ्या हातात आता काही नाही. माझ्या शहाणपणाने काही होणार नाही, ते मी घालवलं. जी कुणी तिच्या बाजूला बसली असेल, तिला तरी ती दिसू दे. एवढंच म्हटलं आणि दांडीवर डोकं टेकवून रडले. बाजूच्या बाईने मला सरकून टेकायला जागा दिली.

फोन वाजला तो अनोळखी नंबरवरून. "हालो, तुमी पल्लवीच्या सासूबाई का?" बाईचा आवाज, खेड्यातला, मोठा, माझ्यासारखाच. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. ती म्हणाली, "पोट्टी मूर्तिजापूरले सरकारी दवाखान्यात हाये. जिती हाये, घाबरू नोका. सकायपासून तुमाले लावून राहिली, फोन कावून बंद ठेवता बाप्पा?" मी विचारलं, बोलते का ती? "बोलते, पन तिले दिसून नाई राहिलं. भर दुपारी म्हने, अंधार काहून झाला. म्या म्हटलं हे काई बरं लक्षण नाई. तिचा फोन गेला होता विझून. या फोनवरून लावते म्हटलं, कोनाले लावू? तं तुमचा नंबर सांगतला तिनं. म्या म्हटलं, तुह्या आईले लावते, तं म्हने नाई, माह्या सासूबाईलेच लावा. त्याईलेच समजते काय करा लागते."

ती नवी नवरी होऊन आली तेव्हा मीच तिच्याकडून माझा नंबर पाठ करून घेतला होता, अंगणवाडीतल्या पोरांकडून घ्यावा तसा, तीनदा म्हणायला लावून. मोबाईल हरवला तर काय करशील, म्हणून. तेव्हा ती हसली होती. डोळ्यांपुढे अंधार आला तेव्हा तिला तोच नंबर आठवला, आणि तिने तो अशा बाईचा म्हणून सांगितला, जी सकाळी तिला ओठांवर बोट दाखवून गेली होती. मी चालत्या गाडीत खाली बसले, लोकांच्या पायांत. मला कुणी उठवलं, ते कळलं नाही.

मूर्तिजापूरला दवाखान्यात पोचले तर पल्लवीला स्ट्रेचरवर घेतलेलं, हाताला सलाईन, अमरावतीला हलवायची तयारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी फार वाढलं होतं, इंजेक्शन दिलंय, वेळेत आणली. स्ट्रेचरच्या बाजूला जमिनीवर ती बाई बसली होती. जांभळं लुगडं, उन्हाने रापलेले हात, मांडीवर पल्लवीची पिशवी आणि तिच्याखाली स्वतःची छोटी पिशवी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, अनवाणी पायांशी थांबली. उठून पल्लवीची पिशवी माझ्या हातात दिली.

तिथल्या शिपायाकडून मला पुढचं कळलं. ही बाई भाजीचा मळा करणारी, कुठल्यातरी खेड्यातली, बडनेऱ्याला भावाकडे राखी बांधायला निघालेली. पल्लवीच्या बाजूला उभी होती. पोरीने अंधाराचं विचारलं तसं हिने ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि एसटी सरळ दवाखान्याच्या फाटकात आणवली. कुणी कुरकुरला तर म्हणे त्याला म्हणाली, "तुई बहीण संध्याकाळपोतर मरत नाई, हे मरून राहिली." कंडक्टर आणि हिने मिळून पल्लवीला उतरवलं. गाडी गेली, ही राहिली. दीड तास पायाशी बसून राहिली. मी तिचे हात धरले, नाव विचारलं. ती म्हणाली, "नाव काय घेऊन बसलं बाई, गाडी सुटन तुमची. पोरीकडं पाहा." आणि ॲम्ब्युलन्सच्या दाराशी मला अक्षरशः आत ढकलून ती फाटकाकडे चालू लागली. तिच्या नंबरवर मी नंतर फोन केला, तर एका मुलीने उचलला, म्हणाली हा फोन दवाखान्यात एका काकूने मागून घेतला होता. म्हणजे फोनही तिचा नव्हता. मी याला काही नाव देत नाही. ती पाच फुटांची, तंबाखू खाणारी, खरीखुरी बाई होती. पण मी ज्या क्षणी मागितलं, त्याच्या आधीच ती तिथे बसलेली होती, याचा विचार केला की माझे हात आजही जुळतात.

ॲम्ब्युलन्समध्ये पल्लवी इंजेक्शनच्या गुंगीत पडून होती. मी पिशवी उघडली, फाईल काढायला. त्यात माहेरी न्यायचे कपडे नव्हते. तपासणीचे कागद, दोन गाऊन, आणि जुन्या मऊ कापडाची शिवलेली सात-आठ दुपटी. दवाखान्याची पिशवी भरून ठेवा, असं वस्तीतल्या आशा सेविकेने तिला सांगितलं असणार. मीही सगळ्या बायांना हेच सांगायचे. सात महिने झाले की पिशवी भरून खाटेखाली ठेवा.

अमरावतीत संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दीड किलोची, रडली नाही आणि मग रडली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पल्लवीला आत ठेवलं, कुणाला भेटू देत नव्हते. दोन दिवस मी त्या व्हरांड्यात काढले. विहीणबाई आल्या, नीलेश आला. त्या दोघांना मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. विहीणबाई एक तास माझ्याशी बोलल्या नाहीत आणि तेव्हा मला कळलं की समोरच्याचं न बोलणं कसं अंगावर येतं. मग त्यांनीच चहा आणून दिला. मी, जी सगळ्यांना सूचना देते, ती त्या बाकावर बसून नर्सच्या चेहऱ्याकडे बघत होते. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे. प्रत्येक वेळी मनाने काहीतरी वाईट सांगितलं आणि प्रत्येक वेळी नर्स फक्त कापूस न्यायला आलेली असायची. तिसऱ्या दिवशी भन्तेजींचा फोन आला. माझं मौन मोडलं, उपोसथ मोडला, हे त्यांना सांगायची मी तयारी केली होती. मी म्हटलं, "भन्तेजी, ते मौन नव्हतं. रागच होता, पांढरी साडी नेसलेला." त्यांनी विचारलं, "सून कशी आहे?" दुसरं काही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

त्याच दुपारी नर्सने एकाला आत यायला सांगितलं. विहीणबाई उठल्या आणि मग माझ्याकडे बघून खाली बसल्या. "तुमी जा," म्हणाल्या. मी आत गेले. पल्लवी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की नजर येईल, पण दोन-चार दिवस लागतील, हळूहळू येईल. मी खाटेजवळ उभी राहिले. तिने मान वळवली, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. "कोन हाय?" तिने विचारलं.

मी काही न बोलता उभी राहिले असते तर तिच्यासाठी तिथे कुणीच नव्हतं. मागच्या वर्षीच्या त्या वाक्यापासून या पौर्णिमेपर्यंतचं सगळं ओठांशी येऊन थटलं होतं. मी म्हटलं, "मी हाये, पल्लवी. आई." आणि मग म्हटलं, "मी चुकले. तवाबी चुकले आन् आताबी. मले माफ कर." तिने हात वर केला, चाचपडत. माझ्या तोंडापर्यंत आणला आणि बोटं माझ्या ओठांवर ठेवली. मला वाटलं, गप्प राहा म्हणते. मी गप्प झाले, तशी ती घाबरली.

"थांबू नोका," ती म्हणाली. "बोलत राहा, आई. मले दिसून नाई राहिलं."

मी स्टूल ओढून बसले. आधी पोरीबद्दल सांगितलं, की तिला तुझं नाक आहे आणि माझा आवाज आहे, सगळ्या पेट्यांमध्ये तिचाच मोठा. मग काय सांगू सुचेना, तर दारातल्या जास्वंदाचं सांगितलं, दुधाचं सांगितलं, कमलताई कशी घोरते ते सांगितलं. नर्स दोनदा म्हणाली, आजी, हळू बोला. पल्लवीने डोळे मिटले होते, माझं बोट धरून ठेवलं होतं. मी श्वास घ्यायला थांबले की ती बोट दाबायची, आणि मी पुन्हा बोलू लागायचे.